९० च्या पुढं गाडी थरथरायची: दाजींच्या गाडीचं पूर्ण प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी माझ्या दाजींची आहे. पेट्रोल हॅचबॅक, चालून झाली होती ६१ हजार किलोमीटर, टायर साइझ १८५/६५ आर१५. मॉडेल, गॅरेज, टायरचं दुकान यांची नावं देत नाही, कारण यात जे झालं ते कुठल्याही गाडीला आणि कुठल्याही दुकानात होऊ शकतं. मी गोकुळ शिरगावला एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, गाडीचा मेकॅनिक नाही, पण डायल गेज आणि व्हर्निअर (बारीक मापं घ्यायची साधनं) रोज हातात असतात आणि शेवटी तेच कामाला आलं.

दाजी राहायला कोल्हापुरात, शेती शिरोळ तालुक्यात. रोजचं ड्रायव्हिंग म्हणजे घर, दुकान, रंकाळा, फार तर शेतावर, म्हणजे स्पीड ४०-५०. दिवाळीला त्यांनी जुन्या लोखंडी रिम काढून बाहेरची मॅगव्हील (कंपनीची नसलेली अलॉय चाकं) टाकली, चार नवीन टायरसकट, साइझ तोच ठेवला. भाची यंदा पुण्याला कॉलेजला गेली म्हणून जानेवारीपासून पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि पहिल्याच फेरीत किणी टोलनाका ओलांडून पुढं गेल्यावर स्टेअरिंग थरथरायला लागलं.

मला फोन आला तो असा, "अरे स्टेअरिंग हातात नाचतंय, पेठनाक्यापर्यंत मुंग्या आल्या हाताला."

नेमका त्रास

८० पर्यंत काही नाही. ८५ ला सुरू, ९५ ला सगळ्यात जास्त, आणि दाजींच्या म्हणण्याप्रमाणं ११० ला परत कमी. स्टेअरिंग डावी-उजवीकडं बारीक थरथरतं, सीटला पण थोडं जाणवतं, आरशात मागची गाडी धूसर दिसते. ब्रेक मारला तर वेगळं काही नाही. गाडी कुठल्या बाजूला ओढत नाही.

यातली एक गोष्ट मला लई उशिरा कळली आणि ती सगळ्यात महत्त्वाची होती. प्रत्येक वेळी चाक काढून परत बसवलं की थरथर बदलायची. एकदा कमी, एकदा जास्त, एकदा तर पार गेली आणि पुढच्या पंक्चरनंतर परत आली. दाजी हे मला दोनदा बोलले होते पण मी ते "कधी येतंय कधी जातंय" असं ऐकलं आणि सोडून दिलं.

माझ्याकडं गाडी यायच्या आधी काय काय झालं

टायरच्या दुकानात तीन वेळा बॅलन्सिंग झालं (छोटी वजनं लावून चाकाचं वजन सगळीकडं सारखं करणं), मशीनवर दरवेळी फरक शून्य-शून्य. अलाइनमेंट दोनदा. अलाइनमेंट चुकलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं खातो, स्टेअरिंग वाकडं राहतं, पण ९० ला थरथर त्यानं येत नाही. तरी बहुतेक ठिकाणी पहिलं तेच करतात.

मग एका गॅरेजला सांगितलं ब्रेकच्या डिस्क वाकल्यात, म्हणून डिस्क लेथवर टर्न करून घेतल्या. फरक शून्य. नंतर लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनच्या दांड्याचे रबर) बदलले, फरक थोडा, म्हणजे थरथर तीच पण जरा बोथट. बुश खरंच फाटले होते त्यामुळं तो खर्च वाया गेला असं म्हणत नाही, पण ते मूळ कारण नव्हतं. ढिला बुश थरथर तयार करत नाही, चाकाकडून येणारी थरथर दाबायचं काम तेवढं सोडून देतो. आणि शेवटी कोटेशन आलं, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनची ताकद चाकाला देणारे दांडे) आणि पुढची बेअरिंग, १३,५०० रुपये. तेव्हा दाजी म्हणाले, तू एकदा बघ, मग देतो.

पहिला निर्णय: गाडी पुण्याला न्यायची का

शनिवारी संध्याकाळी गाडी आली आणि रविवारी सकाळी त्यांना भाचीला आणायला जायचं होतं. कारण माहीत नसताना हायवेला १०० नं गाडी न्यायची का हा खरा प्रश्न होता. थरथर म्हणजे साधं बॅलन्सिंग पण असू शकतं आणि टायरच्या आतला पट्टा सुटत आलेला पण असू शकतो, हातात येणारी भावना बऱ्याच वेळा सारखीच असते. त्यामुळं आधी धोक्याच्या गोष्टी बघितल्या. टायरच्या बाहेरच्या आणि आतल्या कडेला हात फिरवून फुगवटा, चाकाचे नट, चाक वर-खाली आणि आडवं धरून हलवून बेअरिंगचा आणि टाय रॉडचा (स्टेअरिंगच्या दांड्याचा) प्ले, म्हणजे ढिलेपणा. काही सापडलं नाही. तरी मी म्हटलं, "दाजी, उद्या एसटीनं जावा, गाडी राहू दे माझ्याकडं." ते जरा नाराज झाले, पण स्टँडवरून स्वारगेटची गाडी धरून गेले. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो, आणि त्यामुळं घाईघाईनं काहीतरी बदलायचा दबाव पण गेला.

रस्त्यावरची टेस्ट

रविवारी सकाळी साडेसहाला कागलच्या बाजूला गेलो. हायवेचं सहापदरीकरण चालू होतं, डायव्हर्जन भरपूर, त्यामुळं सरळ, चांगला डांबरी तुकडा शोधावा लागला, नाहीतर रस्त्याचा दणका आणि गाडीची थरथर यात गल्लत होते. सोबत मित्राला घेतलं, मी गाडी चालवणार आणि तो मोबाईल बघणार, एकट्यानं हे करू नये. स्पीड जीपीएसवर बघितला कारण गाडीचा मीटर ४-५ नं जास्त दाखवत होता. १०० च्या वर गेलो नाही, चौपदरी हायवेला तेवढीच मर्यादा आहे आणि थरथर त्याच्या आतच येत होती.

९५ ला थरथर सुरू असताना क्लच दाबला, तरी तशीच. म्हणजे इंजिनचा आणि इंजिन माउंटिंगचा संबंध नाही, आणि ताकद काढून घेतल्यावर पण फरक नाही म्हणजे शाफ्टच्या आतल्या जॉइंटवरचा संशय पण बराच कमी. तो जॉइंट खराब असला की जोरात एक्सलेटर दाबल्यावर गाडी जास्त हलते आणि पाय काढला की गप्प होते. हलका ब्रेक लावला, थरथर वाढली नाही, म्हणजे डिस्क पण नाही. या दोन गोष्टी कुणीही ५ मिनिटांत करू शकतो आणि डिस्क टर्न करायच्या आधी त्या व्हायला पाहिजे होत्या, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण टर्न केली की डिस्क तेवढी पातळ होते, ते परत येत नाही.

मग मोबाईलमधलं कंपन मोजायचं ॲप. या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर, १०० ला गाडी सेकंदाला २७.८ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साधारण १४ फेऱ्या मारतं. मोबाईल डॅशबोर्डवर घट्ट बसवून बघितला तर १०० ला कंपनाचं टोक बरोबर १४ हर्ट्झच्या (सेकंदाला १४ कंपनं) आसपास, ९० ला १३ च्या जवळ. इंजिन त्यावेळी २६०० आरपीएमला होतं, म्हणजे सेकंदाला ४३ फेऱ्या, तिथं काही विशेष नव्हतं. चाकाच्या एका फेरीला एक झटका. आता शोध फक्त चाक, टायर, हब (ज्यावर चाक बसतं तो गाडीचा भाग) एवढ्यापुरता राहिला आणि १३,५०० चं कोटेशन बाजूला ठेवलं.

चिखल, आणि माझी चूक

घरी येऊन मागची चाकं काढली तर मागच्या डाव्या रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला काळा चिखल, वीट व्हावी तसा घट्ट. शेतात ऊसतोड चालू होती, गाडी बांधावर रुतली होती, तेव्हाचा. मशीनवर मागची चाकं पहिल्या वेळीच लावली होती, नंतर फक्त पुढची केली, त्यामुळं हा कुणाला दिसला नाही. खरवडून काढला, काट्यावर ठेवला तर ९० ग्रॅम. धुऊन परत चक्कर मारली, सीटला लागणारी थरथर गेली आणि स्टेअरिंगची पण निम्म्यानं कमी वाटली, म्हणून मी ताईला फोन करून सांगून टाकलं की झालं काम.

झालं नव्हतं. एक कारण सापडलं की माणूस दुसरं शोधायचं थांबतो, मी तेच केलं. दोन दिवसांनी दाजी सांगलीला जाऊन आले आणि म्हणाले, "स्टेअरिंगला आहेच की अजून."

स्टेपनीची टेस्ट, जिथं सगळं उलगडलं

समोर तीन पर्याय होते. एक, चौथ्यांदा बॅलन्सिंग. दोन, नवीन टायरचीच तक्रार करून ते बदलून घेणे. तीन, डिकीतली स्टेपनी, जी जुन्या लोखंडी रिमवरच होती आणि त्याच साइझची. फुकटचा पर्याय तिसरा म्हणून तो आधी घेतला. नटाची कोनाची बैठक लोखंडी रिमला पण बसते का ते बघून घेतलं, ती बसत होती.

पुढं डावीकडं स्टेपनी लावली. स्टेअरिंग जवळजवळ शांत. मग साहजिक वाटलं की पुढच्या डाव्या चाकातच गडबड आहे, म्हणून तेच चाक मागं लावलं, म्हणजे थरथर सीटला यायला पाहिजे. आली नाही. परत तेच चाक पुढं डावीकडं लावलं, म्हणजे आधीसारखी जोरात थरथर यायला पाहिजे. ती आली, पण अगदी हलकी.

इथं मी अर्धा तास नुसता बसून होतो. तेच चाक, तोच टायर, तीच जागा, तीच हवा, तोच रस्ता, आणि रिझल्ट वेगळा. मशीन शॉपमध्ये असं झालं की आम्ही पीस बघायचं सोडून फिक्स्चर (पीस धरायची चौकट) बघतो, कारण पीस तोच असताना रीडिंग बदलतंय म्हणजे पीस दरवेळी वेगळा बसतोय. तेव्हा दाजींचं वाक्य आठवलं, पंक्चरनंतर परत आली. आणि हे पण लक्षात आलं की टायरच्या दुकानात गाडी जॅकवरून खाली घेऊन गननं नट मारतात, मी मात्र चाक हवेत असतानाच पान्यानं समोरासमोरचे नट थोडे-थोडे आवळले होते.

रात्री दहाला व्हर्निअर घेऊन बसलो. गाडीच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिलिमीटर. लोखंडी रिमचं मधलं भोक त्यावर नेमकं बसतं. मॅगव्हीलचं भोक ६७.१. म्हणजे व्यासात १३ मिलिमीटरची मोकळी जागा. बाहेरची मॅगव्हील बऱ्याच गाड्यांना चालावीत म्हणून भोक मोठंच ठेवतात, आणि मधली जागा भरायला रिंग घालायची असते. इथं चारही चाकांना रिंग नव्हती. चाक फक्त चार नटांच्या कोनांवर मध्यभागी येणार, आणि पहिला नट गननं ताडकन बसला की चाक जिथं असेल तिथंच अडकणार.

बॅलन्सिंग मशीनवर शून्य का येत होतं तेही इथंच कळलं. मशीन चाक पकडतं मधल्या भोकात कोन घालून, आणि ते भोक रिमला एकदम सेंटर आहे. गाडी चाक पकडते नटांवर. मशीन खोटं बोलत नव्हतं, फक्त ते ज्या सेंटरवर शून्य दाखवत होतं त्या सेंटरवर गाडीत चाक बसतच नव्हतं.

डायल गेजचं रीडिंग

अंदाजावर सोडायचं नव्हतं म्हणून दुसऱ्या दिवशी डायल आणि मॅग्नेटिक स्टँड आणला. गाडी स्टँडवर, लोअर आर्मला टेकू, जमिनीवर जड लोखंडी ब्लॉक आणि त्यावर डायल. हबच्या फेसचा रनआउट (एका फेरीत तो किती पुढं-मागं होतो ते) ०.०३ मिलिमीटर, म्हणजे उत्तम, बेअरिंगला काही झालेलं नाही. मग चाक लावून रिमच्या कडेला डायल. पहिल्यांदा मुद्दाम दुकानासारखं बसवलं, चाक खाली टेकवून एकेक नट पूर्ण आवळून. रीडिंग ०.७. सोडून परत बसवलं, ०.४ आणि उंच जागा तिसऱ्याच ठिकाणी. पुन्हा, ०.६. खडूनं खुणा केल्या होत्या त्या तिन्ही वेळा वेगवेगळ्या.

हे आकडे छोटे वाटतात म्हणून हिशोब देतो. टायरसकट चाक साधारण १६ किलो. ते सेंटरपासून ०.३ मिलिमीटर सरकलं (डायलवर त्याच्या दुप्पट दिसतं) तर रिमच्या कडेला साधारण २५ ग्रॅमचं वजन चिकटवल्यासारखं होतं. १०० च्या स्पीडला ते २५ ग्रॅम चाकाला जवळजवळ ४ किलोच्या जोरानं ओढतं, ती ओढ फेरीबरोबर फिरत राहते, सेकंदाला १४ वेळा. ५० ला हाच जोर चौथा हिस्सा, म्हणून गावात दाजींना काहीच कळत नव्हतं. आणि ९५ ला जास्त, ११० ला कमी हे यासाठी की सस्पेन्शन आणि स्टेअरिंगची स्वतःची एक लय असते, चाकाची लय तिच्याशी जुळली की झोका वाढतो, पुढं गेलं की जुळणी सुटते.

उपाय

तयार रिंगा ऑनलाइन मिळतात, पण कोल्हापुरात राहून चार रिंगांसाठी आठवडाभर थांबायचं कारण नव्हतं. उद्यमनगरात ओळखीच्या टर्नरकडं गेलो, ॲल्युमिनियमच्या रॉडमधून चार रिंगा, बाहेरून ६७.०, आतून ५४.१५, हबच्या मुळाशी गोलाई असते ती अडू नये म्हणून आतल्या कडेला चॅम्फर (तिरका काप). मिस्त्रींनी विचारलं, "लोड येणार काय यावर?" प्रश्न एकदम बरोबर होता. येत नाही, गाडीचा भार नट आवळल्यावर हब आणि रिम यांच्यातल्या घट्ट पकडीवर असतो, रिंग फक्त चाक मध्यभागी धरते. ६०० रुपये झाले.

हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढला, किंचित ग्रीस, रिंग, चाक. चाक हवेत असताना हातानं नट, मग समोरासमोर, शेवटी टॉर्क रेंचनं मॅन्युअलमध्ये दिलेले १०० न्यूटन-मीटर. डायलवर ०.२. सोडून परत बसवलं, ०.२. तिसऱ्यांदा, ०.२, आणि उंच जागा खडूच्या त्याच खुणेवर. ते ०.२ रिमचं स्वतःचं आहे. मला त्या आकड्यापेक्षा तो तीनदा तोच आला याचा जास्त आनंद झाला.

नंतर एकदा बॅलन्सिंग करून घेतलं, कारण मागच्या चाकांचं पहिल्या वेळेनंतर झालंच नव्हतं. १०० किलोमीटरनंतर नट परत तपासले.

निकाल

१०० ला मोबाईलवर १४ हर्ट्झचं टोक आधीच्या साधारण सहाव्या हिस्स्यावर आलं. स्टेअरिंगला काही नाही, आरशात मागच्या गाडीची नंबर प्लेट वाचता येते. दाजी त्या रविवारी पुण्याला जाऊन आले, कराड-सातारा करत, आणि खंबाटकीच्या अलीकडून फोन केला की आता गाडी नव्यासारखी.

शाफ्ट, बेअरिंग, दोन्ही तेच आहेत आणि व्यवस्थित चालतायत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक प्रश्न विचारण्यात झाली. गॅरेजवाल्यांनी आणि मी पण विचारलं, कधीपासून होतंय? दाजी म्हणाले जानेवारीपासून. मग सगळ्यांनी जानेवारीत काय झालं ते शोधलं, खड्डा, शेत, चिखल. विचारायला पाहिजे होतं, या स्पीडला ही गाडी याआधी शेवटची कधी नीट चालली? तर उत्तर आलं असतं दिवाळीच्या आधी, जुन्या रिमवर. दिवाळी ते जानेवारी गाडी ८० च्या वर गेलीच नव्हती, जोतिबाला गेली ती घाटातनं. दोष दिवाळीपासून चाकात बसलेला होता, दिसायला जानेवारीची पुणे फेरी लागली.

दुसरं, स्टेपनी. पहिल्या दिवशी, पहिल्या बॅलन्सिंगच्या पण आधी पुढं लावून बघितली असती तर डिस्क टर्न करायचा विषयच निघाला नसता. ज्यांनी बाहेरची मॅगव्हील टाकल्यात त्यांनी लोखंडी रिम भंगारात देऊ नयेत असं माझं मत झालंय, निदान दोन तरी माळ्यावर ठेवाव्यात.

तिसरं, चिखल सापडल्यावर मी परत पूर्ण टेस्ट करायला पाहिजे होती, मोबाईल लावून, त्याच तुकड्यावर. "निम्म्यानं कमी वाटली" यातला वाटली हा शब्द आमच्या इन्स्पेक्शन रिपोर्टला चालत नाही, तो इथंही चालायला नको होता.

एक गोष्ट मात्र मी परत तशीच करेन, शाफ्ट न बदलणं. ते बदलताना पुढची चाकं निघाली असती, परत बसली असती, आणि नशिबानं नीट बसली असती तर थरथर गेली असती. सगळ्यांनी म्हटलं असतं शाफ्टच होता. आणि पुढच्या पंक्चरला परत सुरू.

परवा टायर रोटेशनसाठी दाजी दुकानात गेले होते, मी सोबत होतो. चाकं निघाली, तीन रिंगा हबवर राहिल्या, एक चाकात अडकून निघाली. पोरानं गन उचलली तेव्हा दाजी पुढं झाले आणि म्हणाले, "थांब भावा, आधी ती रिंग हबवर बसव, मग चाक, आणि गाडी वर आहे तोवरच नट हातानं लाव." पोरानं गन खाली ठेवली आणि पाना घेतला.